वाकलेली गल्ली

घड्याळजी सकाळी गॉगलला घेऊन जिना उतरले, तेव्हा त्यांच्या मानेला पट्टा होता, कंबरेला पट्टा होता आणि गॉगलच्या गळ्यातही पट्टा होता. या तीन पट्ट्यांपैकी फक्त शेवटचा घालणारा खुशीत होता.

मानेचं दुखणं धंद्यातलं. डोळ्याला भिंग लावून, तांदळाच्या कणीएवढी चाकं चिमट्यानं बसवता बसवता घड्याळजींची मान जन्मभर खालीच राहिली होती. कंबरेचं दुखणं त्याच स्टुलावरचं. मान आणि कंबर एकमेकींशी बोलून ठेवल्यासारख्या आळीपाळीनं धरत. घड्याळजींची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांची हाडं बघणारी बाई ती. नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याचे मणके तिच्या जास्त ओळखीचे होते. "तुमचा चौथा आणि पाचवा मणका म्हणजे भांडलेले भाऊ आहेत," ती म्हणायची. "त्यांच्यामध्ये कुणी पडू नये."

आणि त्या दोघांच्या मध्ये नेमका गॉगल पडला होता. गॉगल हा त्यांच्या लेकीचा कुत्रा. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना "थोडेच दिवस" म्हणून याला आईबापांकडे ठेवून गेली. अंगानं वासराएवढा, पांढराशुभ्र, आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. स्वभावानं गरीब, पण वास आला की त्याच्या अंगात यायचं. मागच्या वेळी त्यानं एका वासामागं असा हिसका दिला होता की घड्याळजी बरेच दिवस फळीवर उताणे पडून छत बघत होते. तेव्हाच बायकोनं निकाल दिला होता.

"आता पुन्हा या कुत्र्यापायी तुमची पाठ धरली ना, तर गॉगल माझ्या भावाकडे. मग रडायचं नाही."

तिच्या भावाचं गोदाम होतं आणि गोदामाच्या दाराशी साखळी होती. घड्याळजींना ती साखळी आठवली की ते गॉगलच्या गळ्यातला पट्टा आणखी एक भोक सैल करायचे. लेक गेल्यापासून घर सुनं झालं होतं. दुकानात घड्याळांची टिकटिक सोडली तर दिवसभर बोलायला कुणी नाही. गॉगल टेबलाखाली बसायचा, घड्याळजींच्या पावलावर हनुवटी टेकायचा, आणि ते त्याला कुठल्या घड्याळाला काय झालंय ते सांगत राहायचे. एवढं मन लावून ऐकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून घड्याळजी जपून होते. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाईंनी सांगितलं होतं, "काका, खाली काही उचलायचं तर गुडघ्यातून बसायचं. कंबरेतून वाकलात की संपलं." घड्याळजींनी तर त्याहून पुढची सोय केली होती. पडद्याची दांडी आणि स्वयंपाकघरातला चिमटा जोडून त्यांनी एक लांबलचक यंत्र बनवलं होतं. गॉगलनं रस्त्यावर जे काही केलं असेल ते ताठ उभं राहून उचलून पिशवीत टाकता यायचं. पण आदल्या दिवशी बायकोनं पडदे धुतले आणि तिला दांडी हवी झाली. यंत्र मोडलं. घड्याळजी नुसती पिशवी घेऊन निघाले होते.

व्हायचं तेच झालं. गल्लीच्या बरोबर मध्यावर, पावाच्या दुकानाच्या जरा अलीकडे, गॉगलनं जागा पसंत केली आणि आपलं काम उरकलं. घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं. मानेच्या पट्ट्यामुळे त्यांना इकडेतिकडे पाहायचं म्हणजे अख्खं अंग वळवावं लागायचं, तसं वळवून पाहिलं. कुणी नव्हतं. एवढं एकदाच, पटकन, असं म्हणत ते कंबरेतून वाकले. पिशवीत हात घालून उचललं, पिशवी उलटी केली, गाठ मारली. आणि उठायला गेले तर आतून कुणीतरी कडी लावली.

इकडे नाही, तिकडे नाही. काटकोनात वाकलेले घड्याळजी तिथेच राहिले. गुडघे वाकवून पाहिले, तर कळ टाचेपर्यंत गेली. मान वर करावी तर पट्टा. डोळ्यांपुढे हातभर डांबरी रस्ता, स्वतःचे बूट आणि गॉगलचे चार पाय, एवढंच जग उरलं. गॉगलला वाटलं मालक खेळायला खाली आलेत. त्यानं त्यांचा कान चाटला.

तेवढ्यात त्या जगात दोन निळ्या सपाता आल्या. सपातांतून बाहेर आलेला तो वाकडा अंगठा गल्लीत एकाचाच होता. खालच्या मजल्यावरचे निवृत्त विमा एजंट. त्यांना सगळे रेडिओकाका म्हणत, कारण त्यांना कळलेली गोष्ट दहा घरांना कळायला चहा गार होण्याएवढाही वेळ लागत नसे.

"घड्याळजी, काय हो? काय करताय?"

घड्याळजींच्या डोक्यात चक्रं फिरली. पाठ धरली म्हणून सांगावं, तर हा माणूस कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत दवाखान्यात फोन. संध्याकाळी मेहुण्याची गाडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"काही नाही," ते रस्त्याला म्हणाले. "शोधतोय."

"काय हरवलं?"

"स्क्रू."

"कसला?"

"घड्याळाचा. बारीक आहे."

रेडिओकाकांचा आवाज एकदम खाली आला. "कुणाच्या घड्याळाचा?"

"आहे एकांचं."

"सोन्याचं?"

घड्याळजी गप्प बसले. पाठीतून कळ निघाली होती, म्हणून गप्प बसले होते. पण रेडिओकाकांना ते पुरलं.

"समजलो," ते म्हणाले. "तुम्ही हलू नका. आहात तिथेच थांबा."

हे सांगायची काही गरज नव्हती.

मग गल्लीच्या दोन्ही टोकांकडून पावलं येऊ लागली. चपला आल्या, बूट आले, एक जण तर एकाच पायात मोजा घालून आला. घड्याळजींना एकाचाही चेहरा दिसत नव्हता, पण पायांवरून ओळख पटत होती. सांडलेल्या स्टार्चचे डाग असलेल्या वहाणा इस्त्रीवाल्याच्या. मागून टाच दुमडलेले बूट वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या मास्तरांचे. सगळे वाकले. सगळ्यांनी रस्त्याला नाक लावलं.

"केवढासा आहे?"

"मोहरीएवढा म्हणतात."

"मोहरीएवढा? त्याहून बारीक. खसखशीएवढा. आणि सोन्याचा."

"स्क्रू सोन्याचा?"

"अहो, घड्याळ सोन्याचं म्हटल्यावर स्क्रू काय पत्र्याचा घालतील?"

राईचा पर्वत होतो हे घड्याळजींनी ऐकलं होतं, पण इथे तर राईसुद्धा नव्हती. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, "राहू द्या हो, सापडेल माझं मला, तुम्ही जा कामाला." त्याचा परिणाम उलटाच झाला. "बघा, केवढा सज्जन माणूस," मास्तर म्हणाले. "आपल्याला त्रास नको म्हणून म्हणतोय. आल्यापासून मान वर केलेली नाही. याला म्हणतात कामावरची निष्ठा."

पावाची गाडी आली. चालकानं भोंगा वाजवला. चारपाच जण आडवे धावले. "थांब, थांब, चाक पुढे घेऊ नकोस. टायरला चिकटून जाईल." चालक चडफडत उतरला, काय प्रकार आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकून गाडीतून लोहचुंबक घेऊन आला. त्याच्याकडे लोहचुंबक कशासाठी होता हे कुणी विचारलं नाही. "सोनं चुंबकाला चिकटत नाही," मास्तर म्हणाले. "मग खाली उरेल ते सोनं," चालक म्हणाला, आणि त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. कुणी पिठाची चाळणी आणली. कुणी भर उजेडात बॅटरी आणली. गल्लीला उत्साहाचं भरतं आलं. खिडकीतून बघणारी माणसं राहवेना म्हणून खाली येऊ लागली. कधी एकमेकांशी न बोलणारी दोन घरं एका चाळणीला दोन बाजूंनी धरून धूळ चाळू लागली. टाचण्या निघाल्या, शर्टाची बटणं निघाली, एक किल्ली निघाली. ती कुणाच्या कुलपाची यावरून थोडी बाचाबाची झाली. आणि एक दात निघाला, तो मात्र कुणीच आपला म्हणून सांगितला नाही.

मग तपकिरी बूट आले. पॉलिश केलेले, जाड टाचांचे. वाहतूक पोलीस.

"रस्ता कुणी अडवला?"

वीस बोटं घड्याळजींच्या पाठीकडे वळली असावीत. बूट जवळ आले.

"तुम्ही का? उभे राहा."

"इथूनच बोलतो," घड्याळजी म्हणाले. "नजर हलली तर जागा चुकेल."

पोलिसाला हे कारण रास्त वाटलं. पण त्याची नजर घड्याळजींच्या हातावर गेली. "पिशवीत काय आहे?"

"काही नाही."

"गाठ मारलीय, अन् काही नाही? उघडा."

"साहेब, नका उघडायला लावू."

"उघडा म्हणतो ना."

आजूबाजूचं बोलणं थांबलं. रेडिओकाकांच्या सपाता आणखी जवळ सरकल्या. घड्याळजींनी गाठ सोडून पिशवी वर धरली. पोलीस वाकला.

"बांधा," पोलीस म्हणाला. मग आपलं आणि खात्याचं नाक सांभाळत त्यानं शिट्टी वाजवली, गाड्या पलीकडच्या रस्त्यानं वळवल्या आणि स्वतःही शोधायला वाकला.

इतका वेळ घड्याळजींना फक्त पाठीची आणि गॉगलची काळजी होती. आता गर्दीत कुणीतरी "मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ" असं म्हणालेलं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांना घाम फुटला. रेडिओकाकांनी हिशेब जुळवला होता: गल्लीत सोन्याचं घड्याळ एकाच घरात आहे, आणि ते सध्या दुरुस्तीला आहे. ज्या दुकानात आजवर घड्याळाचा एक कण हरवला नव्हता, त्या दुकानाची अब्रू आता रस्त्यावर पडली होती आणि माणसं ती चाळणीनं चाळत होती.

काठीचा ठकठक आवाज आला. पांढरे कॅनव्हासचे बूट, नाड्या दोन्हीकडे सारख्या लांबीच्या. मुख्याध्यापिकाबाई स्वतः.

"माझ्या यजमानांचं घड्याळ," बाई शांतपणे म्हणाल्या. "रस्त्यावर कसं आलं?"

ते घड्याळ बाईंच्या यजमानांनी अखेरपर्यंत हातावर बांधलेलं होतं. दुरुस्तीला देताना बाईंनी ते दोन्ही हातांनी दिलं होतं. घड्याळजींना पुढचं खोटं सुचेना. खरं सांगायचं तर, सुचलं होतं. तोंडातून बाहेर येईना.

"बाई, जरा खाली या," ते हळूच म्हणाले. "तुमचं घड्याळ दुकानात आहे. कपाटात. छान चालतंय. स्क्रूबिक्रू काही पडलेला नाही. माझी पाठ धरलीय."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं तर कुत्रा जाईल."

त्यांनी सगळं सांगितलं. मेहुणा, गोदाम, साखळी. बाई ऐकत होत्या. गॉगलनं त्यांच्या काठीचा वास घेतला आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवली.

"म्हणजे तुम्ही साऱ्या गल्लीशी खोटं बोललात."

"हो."

"माझ्या शाळेत मी यासाठी बाकावर उभं करायची."

"उभं करा, बाई," घड्याळजी काकुळतीनं म्हणाले. "तेवढं जमलं तर फार उपकार होतील."

बाईंची काठी थोडी हलली. बहुधा हसू दाबताना हलली असावी. लोकांना आता काय आणि कसं सांगायचं याचा त्या विचार करत असतानाच पलीकडून आरोळी आली.

"सापडला. सापडला हो."

गल्ली उसळली. पोलिसाच्या तळहातावर खरोखरच एक इवलासा स्क्रू होता. टाळ्या पडल्या. मास्तरांनी चालकाला मिठी मारली. तळहात घड्याळजींच्या नाकाखाली आला. एका नजरेत त्यांनी ओळखलं.

"हा घड्याळाचा नाही," ते म्हणाले. "चष्म्याचा आहे."

"कुणाच्या चष्म्याचा?" पोलिसानं दरडावून विचारलं, आणि त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी गळून घड्याळजींच्या बुटावर पडली.

हिरमुसल्या गल्लीनं पुन्हा कंबर कसली. चष्म्याचा स्क्रू सापडू शकतो, तर घड्याळाचा का नाही, असं म्हणत लोक दुप्पट जोमानं वाकले. आणि त्या गर्दीतून, घाईघाईनं, दवाखान्यातल्या पांढऱ्या चपला आल्या. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

रेडिओकाकांनी फोन केलाच होता. पण पाठीचा नव्हे, स्क्रूचा. तरी एक्स-रे काढणाऱ्या बाईला कपड्यांच्या आतलं दिसायची सवय असते. ती आली, दोन्ही हात कंबरेवर ठेवून तिनं नवऱ्याचा तो काटकोन पाहिला, मग त्याच्या चेहऱ्याला चेहरा भिडवायला तीही वाकली. तिरीमिरीत वाकली, कंबरेतूनच वाकली. दोघांचे चेहरे समोरासमोर आले, दोन्ही उलटे.

"पाठ ना?"

"नाही."

"कितवा?"

"चौथा-पाचवा."

"मला वाटलंच." तिचा आवाज दबका होता, पण धार तीच होती. "स्क्रू म्हणे. सगळ्या गल्लीला रस्ता चाटायला लावलात. काय ठरलं होतं आपलं? आत्ताच्या आत्ता भावाला फोन करते. संध्याकाळी गॉगल गोदामावर."

"अगं, त्याचा काय दोष? त्यानं आज ओढलंसुद्धा नाही. मीच वाकलो."

"ते मला सांगू नका."

वर मुख्याध्यापिकाबाईंनी काठी आपटली. बाईंच्या हाताखाली निम्मी गल्ली शिकली होती, त्यामुळे एका आवाजात सगळे गप्प झाले.

"घड्याळ शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "त्याचा एकही भाग हरवलेला नाही. मी खात्री करून घेतलेली आहे. आपण सगळ्यांनी कष्ट घेतलेत, आभार. आता सगळे उभे राहा."

शाळेची सवय. सगळे एकदम उभे राहायला गेले. आणि गल्लीभर एकच सूर निघाला. "आई गं." इस्त्रीवाला गुडघ्यावर हात टेकून अर्ध्यातच थांबला. मास्तर चाळणीसकट तसेच राहिले. पोलिसानं एक हात कंबरेवर ठेवून दुसऱ्या हातानं शिट्टी चाचपली, बहुधा मदतीसाठी. रेडिओकाका बोलायचे बंद झाले, यावरून दुखणं किती असेल ते समजावं.

एकट्या पावाच्या चालकाची पाठ शाबूत होती. ओझी उचलणारा माणूस. रस्ता मोकळा झाला असं समजून त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. ताज्या, गरम पावाचा वास भपकन बाहेर आला.

गाडी घड्याळजींच्या पाठीमागं उभी होती. गॉगल इतका वेळ त्यांच्या तोंडापुढे बसला होता आणि त्याचा दोर घड्याळजींच्या खांद्यावरून जाऊन मनगटाला गुंडाळलेला होता. त्यानं नाक वर केलं, आणि त्याच्या अंगात आलं. तो घड्याळजींना वळसा घालून मागं झेपावला. दोर ताणला, हात वर गेला, हातामागून खांदा गेला, खांद्यामागून सगळे घड्याळजी गेले. कडकडकड असा आवाज झाला. तो इतका मोठा होता की मुख्याध्यापिकाबाई दोन पावलं मागे सरल्या.

घड्याळजी उभे होते.

ताठ. अगदी सरळ. त्यांनी भीत भीत खांदे हलवले. कंबर इकडून तिकडे केली. भांडलेले भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले असावेत. कुठेच काही दुखत नव्हतं. कितीतरी वेळानं त्यांना आभाळ दिसलं, खिडक्या दिसल्या. मग त्यांनी पूर्ण अंग वळवून गल्लीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं वाकलेली होती आणि सगळ्या गल्लीत सरळ उभे असे चौघंच होते. त्यांतला एक पावाचा चालक, एक काठीवाल्या बाई, एक आख्खा पाव तोंडात धरलेला गॉगल, आणि चौथे आपण.

"अगं, बघ," ते हरखून म्हणाले. "सुटलं. एका झटक्यात सुटलं. आता तूच सांग, असा कुत्रा गोदामाला बांधायचा?"

बायको होती तशीच होती.

"अगं, ऊठ ना."

"उठते," ती रस्त्याला म्हणाली. "घाई काय आहे?"

घड्याळजींच्या लक्षात आलं. फिजिओबाईंनी शिकवल्याप्रमाणे ते गुडघ्यांतून खाली बसले आणि बायकोच्या चेहऱ्यापर्यंत पोचले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"तुझ्या भावाला फोन करू?" त्यांनी विचारलं. चिडवायला नव्हे, गाडी घेऊन येईल म्हणून.

"अजिबात नको. तो जन्मभर सांगत बसेल."

"मग घरी कशी येणार? मी उचलू?"

"तुम्ही? एवढ्यात सुटलेत ना मणके? लांब व्हा."

चालकानं पावाचा विषय काढला नाही. मुख्याध्यापिकाबाई एकेकाचा दंड धरून लोकांना भिंतीपर्यंत पोचवत होत्या, नावानिशी आणि वर्गानिशी. गॉगल पाव संपवून जिभल्या चाटत परत आला. पोट भरलेलं होतं, त्यामुळे जगातले सगळे वास त्याच्यापुरते संपले होते. बायकोच्या पुढ्यात येऊन तो उभा राहिला. तिचा लोंबकळणारा हात बरोबर त्याच्या पाठीवर आला. उंची अशी जुळली की जणू मापानं घेतला होता. तिनं आधी बोटं टेकवली, मग पंजा, मग त्यावर भार दिला. गॉगल हलला नाही.

"चल," ती म्हणाली.

तो चालला. एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. तिचं पाऊल पडलं की पुढचं टाकायचा. घड्याळजी शेजारून दोर सैल धरून चालत होते आणि तोंड उघडायची त्यांची हिंमत नव्हती. गल्लीचं वळण गेलं, दुकान गेलं, जिना आला. पहिल्या पायरीपाशी गॉगल थांबला आणि मान वळवून तिच्याकडे बघत राहिला.

"हा ओढत नाही की मुळीच," ती म्हणाली.

"माणूस बघून चालतो," घड्याळजी म्हणाले.

तिनं श्वास घेतला, गॉगलच्या पाठीवरची पकड नीट केली, आणि मान वर न करताच नवऱ्याला म्हणाली,

"तुम्ही व्हा पुढे, चहा टाका. आम्ही येतो."